आधी बोर्ड, मग बाकीचे: मुलाच्या पहिल्या संगणकाची जुळणी

बाजारात ज्याला ‘असेंबल्ड कॉम्प्युटर’ म्हणतात, तो वेगवेगळ्या कंपन्यांनी बनविलेले सुटे भाग एकत्र जोडून तयार केलेला संगणक असतो, आणि छत्रपती संभाजीनगरमधील ज्या पालकांना पाचवी-सहावीतल्या मुलासाठी बेताच्या पैशांत पहिला संगणक घ्यायचा असतो, त्यांच्यासमोर हा पर्याय हमखास येतो. या पर्यायाचा मोठा गुण असा, की आज साधा असलेला संगणक पुढे मुलाच्या गरजेप्रमाणे वाढविता येतो. परंतु तो गुण पदरात पडायचा, तर सुरुवातीलाच निवडलेले भाग एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. स्वस्त संगणकात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा भाग महाग घेतल्यामुळे नव्हे, तर चांगले भाग चुकीच्या जोडीदाराबरोबर घेतल्यामुळे.

प्रारंभी एका शब्दाचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या संपूर्ण पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हटले जाते, वस्तुतः सीपीयू म्हणजे त्या पेटीतील आगपेटीपेक्षाही पातळ असा एक चौकोनी भाग, अर्थात प्रोसेसर होय. पेटीला कॅबिनेट म्हणतात. दुकानदाराने ‘सीपीयू एवढ्याला पडेल’ असे सांगितले, तर तो नक्की कशाचा भाव सांगतो आहे हे विचारून घेतलेले बरे. कॅबिनेटच्या आत सर्व भागांना धरून ठेवणारी आणि त्यांना एकमेकांशी बोलू देणारी जी मोठी पाटी असते, ती मदरबोर्ड. जाहिराती प्रोसेसरच्या नावाने केल्या जातात, त्यामुळे निवडही प्रोसेसरपासून सुरू होते. मात्र कोणता प्रोसेसर बसेल, कोणती रॅम चालेल, साठवणुकीचा कोणता प्रकार लागेल आणि तीन वर्षांनी काय बदलता येईल, हे सारे बोर्ड ठरवतो, म्हणून तपासणी बोर्डापासून झाली पाहिजे.

बोर्डावर प्रोसेसर बसविण्याची जी जागा असते तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचे एएम४ हे सॉकेट २०१६ पासून आणि एएम५ हे २०२२ पासून बाजारात आहे, तर इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१च्या अखेरीस आले व ते बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना चालते. येथवर गणित सोपे वाटते, पण सॉकेट जुळले म्हणजे जोडी जुळलीच असे नाही, याचे ठळक उदाहरण इंटेलच्याच जुन्या एलजीए ११५१ या सॉकेटचे आहे: सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर एकाच नावाच्या सॉकेटात बसत असले, तरी एका जोडीसाठी बनविलेला बोर्ड दुसऱ्या जोडीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालवीत नाही. जुना बोर्ड आणि जुना प्रोसेसर वेगवेगळ्या ठिकाणांहून स्वस्तात मिळविणाऱ्यांची येथे हटकून फसगत होते. दुसरी अट बायोसची असते. बायोस म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेली, संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणारी छोटी आज्ञावली. प्रोसेसर बोर्डापेक्षा नंतर जन्मलेला असेल, तर जुन्या बायोसला त्याची ओळखच नसते. २०१८ साली आलेल्या, एएम४ सॉकेटच्या बी४५० जातीच्या बोर्डावर एएमडीचा २०२१चा रायझन ५ ५६००जी बसतो खरा, पण बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि ते काम दुकानातच करून घेतलेले सोयीचे. याउलट, एलजीए १७०० सॉकेटचा एच६१० बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय ३-१२१०० ही जोडी एकाच काळातली असल्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर नजरेआड करू नये. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम करणाऱ्या भागाला ग्राफिक्स म्हणतात. काही प्रोसेसरमध्ये तो आतच असतो, काहींना त्यासाठी वेगळे कार्ड लावावे लागते. इंटेलच्या आय ३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय ३-१२१००एफ मध्ये नाही. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये ‘जी’ अक्षर असलेल्या ५६००जी मध्ये ते आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो, मॉनिटरची केबल बोर्डाला लावली जाते, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. त्यात बिघाड कशाचाच नसतो. अभ्यास, टंकलेखन, स्क्रॅच किंवा पायथॉनसारख्या भाषेतील पहिले प्रोग्रॅम, चित्रे काढणे आणि हलकेफुलके खेळ एवढ्यासाठी आतले ग्राफिक्स पुरेसे आहे, आणि पुढे गरज पडलीच, तर बोर्डावरील लांब खाचेत ग्राफिक्स कार्ड बसविण्याची वाट मोकळी राहते.

रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवण्याची तात्पुरती स्मृती. डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिच्या सध्याच्या दोन पिढ्या. दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू, दोन्हींची लांबी सारखी, त्यामुळे काउंटरवर शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळत नाही. पट्टीच्या सोनेरी कडेवर मध्याच्या जवळ एक बारीक खाच असते आणि तिची जागा दोन्ही पिढ्यांत किंचित वेगळी असते, एवढाच डोळ्यांना दिसणारा पुरावा. पट्टी सहज आत जात नसेल, तर जोर लावण्याऐवजी ती बाहेर काढून खाच पुन्हा पाहावी, कारण जोराने बसविताना पट्टीबरोबर बोर्डावरील जागाही तुटू शकते, आणि मग दोन्हींचा खर्च अंगावर येतो. एएम४ला फक्त डीडीआर४ चालते, एएम५ला फक्त डीडीआर५. एच६१० बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत येतात आणि एका बोर्डावर एकच प्रकार चालतो, म्हणून खोक्यावरील पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले पाहिजे. ‘डी४’ अशी खूण असली, तर तो बोर्ड डीडीआर४चा समजावा. आतले ग्राफिक्स स्वतःची स्मृती बाळगत नाही, ते याच रॅमचा काही हिस्सा वापरते, आणि म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या अशा संगणकाला अधिक वेग देतात. बजेट ताणले जात असेल, तर आज ८ जीबीची एक पट्टी लावून दुसरी जागा रिकामी ठेवणे हा उत्तम मार्ग ठरतो. विदा केंद्रांच्या वाढत्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हा हा संयम अनेकांच्या कामी आला असता.

साठवणुकीबाबत फार विचार करण्याचे कारण नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर संगणक सुरू करणे आता कोणत्याही बजेटमध्ये समर्थनीय नाही; चिपवर साठवण करणारी एसएसडी घ्यावी. फक्त एम.२ नावाच्या चपट्या पट्टीच्या आकारात सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि बोर्डावरील जागा त्यांपैकी कोणत्या प्रकाराला चालते, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

खरी चिंता करावी ती एसएमपीएसची. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला हव्या असलेल्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारी ही लोखंडी डबी बहुतेक वेळा कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येते, आणि मुलाच्या संगणकात जेथे काटकसर करू नये अशी एकच जागा असेल, तर ती हीच आहे. डबीवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असले, तरी तो आकडा पुरावा नव्हे. बाजूच्या कागदी तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात, त्यांना बाराने गुणावे. तेथे १४ लिहिले असतील, तर प्रोसेसरच्या वाट्याला येणाऱ्या त्या वाहिनीची खरी ताकद १६८ वॉट इतकीच आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला वर वर्णिलेला संगणक सहसा दीडशे वॉटच्या आत चालतो, म्हणजे हा आकडा अगदी काठावरचा होतो. काठावर चालणारी आणि हलक्या सामानाची डबी एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे गेलेल्या खोलीत प्रथम दगा देते, व जाताना कधी कधी बोर्डालाही घेऊन जाते. ‘८० प्लस’ ही खूण असलेला, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज उपयोगात आणण्याच्या कसोटीला उतरलेला, ४०० ते ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा आहे. त्याला बोर्डासाठी २४ पिनांचा आणि प्रोसेसरसाठी चार अधिक चार पिनांचा जोड असल्याची खात्री करावी.

याच ओघात अर्थिंगचा विषय टाळता येत नाही, कारण येथे प्रश्न मुलाच्या हाताचा आहे. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळून जमिनीकडे पाठविणारे छोटे कपॅसिटर असतात. भिंतीतील सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या छिद्राला अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल, तर त्या विजेला वाट मिळत नाही आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखा झटका जाणवतो. पालक संगणक बदलून आणण्याच्या गोष्टी करतात, दोष मात्र भिंतीत असतो. जुन्या वाड्यांतून आणि भाड्याच्या घरांतून संगणक आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे, हा खर्च संगणकाच्याच अंदाजपत्रकात धरावा. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्यावरील ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटन चालू करावे, म्हणजे वीज जाताच संगणक बंद पडत नाही. नसेल, तर ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर भागते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेतील बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर थर धरते, त्यामुळे कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच ठेवणे आणि उन्हाळ्यापूर्वी ते उघडून मऊ ब्रशने साफ करणे हिताचे.

कंपन्या आणि कार्यालये आपले जुने संगणक बदलतात, तेव्हा ते सेट दुरुस्त होऊन स्वस्तात विक्रीला येतात आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात हा पर्याय साहजिकच डोळ्यांपुढे असतो. हा पर्याय वाईट नाही. कित्येकदा नव्या हलक्या भागांपेक्षा जुना कार्यालयीन संगणक अधिक टिकाऊ निघतो. तथापि दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप किंवा प्रोसेसरमधील तिची सोय, तसेच इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो; म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा सेट कितीही चकचकीत दिसला, तरी त्याचा भाव त्या हिशेबानेच करावा. दुसरे, मोठ्या कंपन्यांच्या अशा अनेक तयार संगणकांत एसएमपीएसचे जोड आणि बोर्डाचा आकार त्या कंपनीचेच असतात, बाजारातला सर्वसाधारण भाग तेथे बसत नाही, आणि वाढविता येण्याचा जो लाभ असेंबल्ड संगणकात मिळतो तो येथे आटतो. ज्यांना असा सेट मिळालाच आहे त्यांच्यासाठी लिनक्सवर आधारलेल्या मोफत कार्यप्रणाली आहेत. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही त्यांपैकीच एक. मराठी टंकलेखनासाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही आधीपासून असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि मुलाने पहिल्याच महिन्यात तो शिकावा इतका तो तर्कशुद्ध आहे.

या शहरात जाणत्या हातांची वानवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात पूर्वी सीईडीटीआय म्हणून ओळखली जाणारी नायलिट संस्था आहे, उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि तेथे शिकलेला एखादा तरुण ओळखीत किंवा गल्लीत असतोच. खरेदीपूर्वी दुकानातून लेखी कोटेशन घ्यावे, त्यात ‘आय ३, ८ जीबी, ५१२ एसएसडी’ अशी मोघम ओळ न चालवता बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस या पाचही भागांचे संपूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागावेत, आणि तो कागद अशा जाणत्या व्यक्तीला दाखवून मगच आगाऊ रक्कम द्यावी. जोडणीच्या वेळी मुलाला सोबत न्यावे, रॅमची पट्टी शक्य असल्यास त्यालाच बसवू द्यावी, आणि दुकान सोडण्यापूर्वी १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घेऊन त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक आहे की नाही, हे पाहावे. वॉरंटी मागायची वेळ आली, की तोच कागद कामी येतो.