बिनाका गीतमालेची दहा वर्षं : पहिल्या नंबरचं गाणं कोण ठरवत होतं?

दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर एक प्रकरण आहे. आकाशवाणी आली की मुलं तारखा पाठ करतात आणि पुढे जातात. यंदा कुंडलच्या आमच्या वर्गात हे प्रकरण गाण्यांच्या यादीवरून शिकवून पाहिलं. गणितातला स्तंभालेख त्यातच उरकला, हा वरचा फायदा. इतर शिक्षकांना आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना उपयोग होईल म्हणून इथे मांडतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ गायबच झाली. पण लोकांचे कान काही बंद झाले नाहीत. त्यांनी रेडिओची सुई शॉर्टवेव्हवर सरकवली आणि श्रीलंकेतलं स्टेशन पकडलं, रेडिओ सिलोन. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला तिथला जबरदस्त ट्रान्समीटर भारतभर ऐकू यायचा. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता, आवाज अमीन सायानींचा, पैसे टूथपेस्टच्या कंपनीचे. सरकारला याचं उत्तर म्हणून विविध भारती काढायला ऑक्टोबर १९५७ उजाडला. एका मंत्र्याने गाणी थांबवली आणि परदेशी स्टेशनची चांदी झाली, हे मुलांना लगेच कळतं. मोबाइलवर बंदी घातली की काय होतं हे त्यांना माहीतच असतं!

आता यादी. गीतमालेत वर्षाअखेरीस पहिलं आलेलं गाणं कुठल्या चित्रपटातलं, ते असं : १९५३ ‘अनारकली’ (लता), १९५४ ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (तलत महमूद), १९५५ ‘श्री ४२०’ (मुकेश), १९५६ ‘सीआयडी’ (रफी आणि गीता दत्त), १९५७ ‘जनम जनम के फेरे’ (रफी आणि लता), १९५८ ‘सोलवा साल’ (हेमंतकुमार), १९५९ ‘चलती का नाम गाडी’ (किशोर आणि आशा), १९६० ‘बरसात की रात’, १९६१ ‘ससुराल’, १९६२ ‘जंगली’. शेवटची तिन्ही रफींची.

मुलांना सांगितलं, मोजा. दहापैकी पाच गाण्यांत रफी. संगीतकारांत सचिनदेव बर्मन तीन, शंकर-जयकिशन तीन. स्त्रीचा आवाज चार गाण्यांत, पण एकटीचा फक्त एकदा, अनारकलीत. तिथेही गाणारी सांगलीत वाढलेली आणि चाल आपल्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. आशाताईंचा तर जन्मच सांगलीचा. इथे एक खाचखळगा आहे. टॅक्सी ड्रायव्हर आणि जंगली या चित्रपटांतली ती गाणी लताबाईंच्या आवाजातही आहेत. यादीत नाव तलत आणि रफींचं. मग मोजायचं कसं? हा प्रश्न मुलांनी स्वतःहून काढला तर तास जिंकलात असं समजा.

दुसरा प्रश्न जास्त मजेदार. १९५७ साल ‘मदर इंडिया’ आणि ‘प्यासा’चं. त्या वर्षी पहिला नंबर पटकावला तो ‘जनम जनम के फेरे’मधल्या गाण्याने. एस. एन. त्रिपाठींची चाल आजही गोड लागते, पण सिनेमा किती जणांना आठवतो? १९६० मध्ये ‘मुगल-ए-आझम’ आला, तरी पहिला नंबर ‘बरसात की रात’चा. यादी त्या वर्षाचं सांगते, पुढच्या साठ वर्षांचं नाही. मुलांना हे सांगावं लागत नाही, यादी समोर असली की दिसतं.

खरी गंमत मोजण्याच्या पद्धतीत आहे. सुरुवातीला कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता आणि सात गाणी लावून श्रोत्यांना पत्रातून क्रम लावायला सांगायचे. पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रं आली, पुढे आकडा साठ हजारांच्या पलीकडे गेला. ती उघडायला माणसं पुरेनात. मग रेकॉर्ड विकणारी दुकानं आणि श्रोता संघ यांच्याकडून माहिती घेऊन ‘पायदान’ ठरू लागली. म्हणजे दहा वर्षांची यादी एक, पण फूटपट्टी मध्येच बदललेली.

आणि त्या फूटपट्टीत कुंडल कुठे होतं? रेकॉर्ड घ्यायची तर फोनो पाहिजे, दुकान शहरात. रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे. झुमरी तलैया नावाचं आडगाव देशभर माहीत झालं ते फर्माइशीची पत्रं पाठवून. ज्याने लिहिलं, त्याचं नाव हवेत गेलं. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर होतं की रेडिओ गावात मोजक्याच घरी, आम्ही ओट्यावर बसून ऐकायचो. ओट्यावरचा माणूस कुठल्या यादीत येणार?

त्याच दशकात इथली माणसं काय गात होती? दहा-बारा वर्षांपूर्वी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे गाव, पोवाडा इथल्या कानात मुरलेला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. शब्द आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, छप्पन्न गाणी. महाराष्ट्रात घराघरांत पोचलं. बिनाकाच्या यादीत त्याचा मागमूस नाही, कारण ती यादीच हिंदी चित्रपटगीतांची.

१९५६ ची जोडी मी फळ्यावर मुद्दाम शेजारी लिहितो. ‘सीआयडी’तलं पहिल्या नंबरचं गाणं मुंबईवरचं आहे, ट्रामा, मोटारी, गिरण्या आणि माणुसकी हरवलेली गर्दी. त्याच सुमाराला संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख मुंबईचंच गाणं गात होते, पण ती मराठी माणसाला मिळावी म्हणून. मैदानं भरत होती. त्या गर्दीचं ‘पायदान’ कुणी लावलं नाही.

वर्गात करून पाहायचं असेल तर दोन तास पुरतात. पहिल्या तासाला यादी आणि स्तंभालेख. दुसऱ्या तासाला मुलांनी घरातल्या साठीपुढच्या तीन माणसांना एकच प्रश्न विचारून आणलेली उत्तरं : लहानपणी तुमच्या घरात, रानात, जात्यावर कुठलं गाणं सगळ्यात जास्त ऐकू यायचं? आमच्याकडे हिंदी गाणी आली, भजनं आली आणि तीन आज्यांकडून ओव्या आल्या. त्यातली एक ओवी कुणाच्याच वहीत नव्हती. ती आता वर्गाच्या भिंतीवर, दहा गाण्यांच्या यादीशेजारी लावली आहे.