वैशाखातील लग्ने आणि रंगीत रोल

वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यात लग्नसराई ऐन वैशाखात येते. पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो. रोलच्या काळात छायाचित्रकाराची परीक्षा तेव्हाच होई.

घरगुती रोल दुकानाच्या फळीवर काही महिने पडून राहणार, हे गृहीत धरूनच बनवला जाई. त्याचे रंग सावकाश मुरत. व्यावसायिक रोल मात्र मुरलेल्या अवस्थेतच बाजारात येई. म्हणून तो शीतकपाटात ठेवणे आणि वापरताच धुणे इष्ट. १९९८ साली आलेला कोडॅक पोर्ट्रा वधूचा वर्ण सौम्य राखी. कोडॅक गोल्डमध्ये हळद अधिक खुले, आणि पुष्कळांना तीच भावे! परंतु तापलेल्या कपाटातील महाग रोल साध्याहून सरस ठरेलच असे नव्हते, आणि सप्तपदी पुन्हा टिपता येत नसे.

शीतकपाटातील डबीही लगेच उघडून चालत नसे. फिल्मवर दव धरे. तासभर आधी ती बाहेर काढून ठेवावी लागे.