ठिपके नसलेला पिंगळा

जुन्या आंब्याच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला कलकलाट करणारा पिंगळा आपल्या चांगल्या ओळखीचा. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. त्याचाच भाऊबंद असलेला रानपिंगळा मात्र तब्बल ११३ वर्षं एकाही पक्षी-अभ्यासकाला दिसला नव्हता!

१८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले जेमतेम सात. त्यांतल्या एकाच्या पायाला चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात. गोळा करणारे रिचर्ड माइनर्ट्झहागन. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखे जाणकार शोधायला निघाले, पण हाती काही लागलं नाही.

अमेरिकेच्या पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडी उसवून पुन्हा भरलेली होती, तरी मूळ कारागिराच्या हाताच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या. तो हात डेव्हिडसन यांचा! नमुना चोरीचा होता आणि चिठ्ठी खोटी. म्हणजे शेवटची खरी नोंद १८८४ची. मग शोध खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळला.

२५ नोव्हेंबर १९९७ची सकाळ. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर छोटंसं घुबड उन्हात बसलेलं. रासमुसेन यांच्यासोबत शोधात असलेल्या बेन किंग यांची नजर त्याच्यावर गेली. रासमुसेन एकेक खूण ताडून पाहू लागल्या. डोकं जवळजवळ कोरं. छातीवर तपकिरी रंगाचा रुंद पट्टा. पोट पांढरंशुभ्र. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. वर्षानुवर्षं संग्रहालयाच्या खणांत न्याहाळलेलं पाखरू समोर जिवंत होतं, मान वळवत होतं.

नवल असं, की रानपिंगळा काही अंधारात दडून राहणारा नव्हे. तो भर दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, सरडे-सापसुरळ्या टिपतो. पुढे तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या रानात!

म्हणून हिवाळ्यात सागाच्या रानात पिंगळा दिसला, तर 'नेहमीचाच' म्हणून पुढे जाऊ नका. दुर्बीण त्याच्या डोक्यावर धरा आणि ठिपके शोधा.