मूल खेळते आहे, मग पुन्हा तपासणी कशाला?



हृदयाचे ऑपरेशन झालेल्या मुलांचे आईवडील काही वर्षांनी एक प्रश्न हमखास विचारतात. "ऑपरेशन तर झाले. पोर शाळेत जाते, झाडावर चढते. मग आता त्या मोठ्या मशीनमध्ये कशाला घालायचे?" प्रश्न रास्त आहे. पाड्यावरून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे मोठ्या शहराला जायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि घरी राहिलेल्या धाकट्यांना कुणाकडे तरी ठेवावे लागते. आपल्यापैकी अनेकांनी अशा मुलांच्या उपचारांना हातभार लावला आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही नीट ठाऊक असायला हवे.

निळे पडणारे मूल

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यातला एक प्रसिद्ध दोष म्हणजे 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'. फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते आणि मुलाचे ओठ व नखे निळसर दिसतात. असे मूल धावता धावता दमते आणि मध्येच उकिडवे बसते. तसे बसल्यावर त्याला बरे वाटते. हे बसणे आळशीपणाचे नाही, आजाराची खूण आहे.

ऑपरेशनमध्ये छिद्र बुजवतात आणि अरुंद वाट मोकळी करतात. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून अशी दुरुस्ती प्रथम यशस्वी केली. आज अशी मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात.

पण वाट मोकळी करताना पुष्कळदा तिथल्या झडपेलाच छेद द्यावा लागतो. मग ती झडप नीट मिटत नाही. फुप्फुसांकडे ढकललेल्या रक्तापैकी काही रक्त दर ठोक्याला मागे, उजव्या कप्प्यात परत येते. तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलताना तो कप्पा हळूहळू फुगत जातो. हे वर्षानुवर्षे चालते आणि मुलाला बाहेरून काहीच जाणवत नाही. खेळते आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे या आजारात म्हणता येत नाही.

आधी इको, मग एमआरआय

मुलाच्या हृदयाची पहिली तपासणी इकोचीच असते. ती स्वस्त आहे, पलंगाजवळ होते आणि तान्ह्या बाळालाही चालते. बहुतेक मुलांचे निदान तिच्यावरच होते. त्यामुळे डॉक्टरांनी एमआरआय सांगितला नाही, तर उपचारात काही राहून गेले असे समजू नये.

इकोची अडचण येते ती उजव्या कप्प्याचे माप घेताना. हा कप्पा छातीच्या हाडामागे दडलेला असतो आणि त्याचा आकार वेडावाकडा असतो. मूल मोठे झाले, छातीवर ऑपरेशनचा व्रण असला, की इकोला तो पूर्ण दिसत नाही. एमआरआय मात्र पाव कापावा तसे हृदयाचे एकापुढे एक पातळ काप चित्रात दाखवतो. सगळ्या कापांची बेरीज केली की कप्प्यात किती मिलिलीटर रक्त मावते ते कळते.

एमआरआय वाहत्या रक्ताचेही माप घेतो. समजा, एका ठोक्याला १०० मिलिलीटर रक्त पुढे गेले आणि त्यातले ४० परत आले, तर गळती ४० टक्के आहे आणि फुप्फुसांच्या उपयोगी ६० मिलिलीटरच पडले. हृदयाच्या स्नायूत कुठे व्रण आहे, हेही विशिष्ट औषध शिरेतून दिल्यावर दिसते.

योग्य वेळ कोणती?

सारा प्रश्न वेळेचा आहे. गळकी झडप बदलता येते, पण नवी झडपही कायमची नसते. काही वर्षांनी ती झिजते आणि पुन्हा बदलावी लागते. म्हणून फार लवकर बदलली तर मुलाच्या आयुष्यात ऑपरेशने वाढतात. फार उशीर केला तर फुगलेला कप्पा पुन्हा पूर्ववत होत नाही आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात.

शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे उजव्या कप्प्याचे आकारमान १५० ते १६० मिलिलीटरच्या पुढे गेले, की डॉक्टर झडप बदलण्याचा विचार करू लागतात. त्या एकाच आकड्यावर निर्णय होत नाही. मुलाला दम लागतो का, कप्पा आकुंचन कसा पावतो, हेही पाहतात. पण आधीच्या तपासणीचा आकडा हाताशी असला तरच कप्पा वाढतो आहे की स्थिर आहे ते समजते. म्हणून एक तपासणी चुकली, तर त्या वेळचा हिशेब कायमचा हरवतो.

तपासणीच्या दिवशी

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साह्याने शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनकडून संकेत मिळवून चित्र तयार होते. त्यामुळे वाढत्या मुलाची ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

मशीन बोगद्यासारखे असते आणि ठक-ठक असा मोठा आवाज करते, म्हणून कानात बोळे घालतात. तपासणीला साधारण पाऊण ते एक तास लागतो. मधून मधून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतात. लहान मुलांना हे जमत नाही, म्हणून त्यांना बहुधा भूल देतात. त्यासाठी मुलाला ठरलेल्या वेळेपासून उपाशी ठेवावे लागते. लांबून आलेली आई मायेने बिस्किट भरवते आणि तपासणी पुढे ढकलली जाते, असेही होते. हे आदल्या दिवशीच समजावून सांगावे.

अंगावरचे सर्व धातू काढावे लागतात. वाळे, साखळी, करदोट्यातील मणी, ताईत, सारे. घरच्या वडीलधाऱ्यांनी बांधलेला ताईत काढायला आई कचरते. तो तिच्याच हाती राहील आणि बाहेर येताच पुन्हा बांधता येईल, एवढे प्रेमाने सांगितले की पुरते. छातीच्या हाडात घातलेल्या तारा बहुधा अडथळा ठरत नाहीत. पण पेसमेकर असल्यास किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास ते आधीच सांगितले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. निळे पडणारे, लवकर दमणारे, वजन न वाढणारे मूल दिसले तर त्या पथकाला दाखवावे.

ऑपरेशन झालेल्या मुलाच्या बाबतीत तीन साधी कामे आहेत. पहिले, त्याची फाइल आणि तपासणीच्या सीडी पावसात भिजणार नाहीत अशा पिशवीत ठेवायला सांगावे. दुसरे, पुढच्या तपासणीची तारीख घरच्यांबरोबर शाळेतील गुरुजींनाही कळवावी. तिसरे, त्या वेळच्या प्रवासाची आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद ऑपरेशनच्या वेळीच करून ठेवावी.

ऑपरेशनसाठी मदत गोळा होते, कारण तेव्हा मूल डोळ्यांसमोर आजारी दिसते. सहा-सात वर्षांनी तेच मूल हसत खेळत असते, आणि त्या वेळी लागणारे एसटीचे भाडे कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या वेळी अशा मुलाची भेट झाली, तर 'कसा आहेस?' असे विचारल्यावर 'पुढची तपासणी कधी आहे?' हेही अवश्य विचारावे.