वास्तुशिल्पज्ञाची लेखणी

वास्तुशिल्पज्ञाने आपल्या सेवेची जाहिरात करू नये, असे बंधन भारतात १९७२ च्या कायद्यान्वये १९८९ साली झालेल्या आचारनियमांनी घातले. मात्र द्रव्य न मोजता स्वतःच्या कामाचे सचित्र वर्णन नावानिशी प्रसिद्ध होऊ देण्याची मोकळीक त्यांनी ठेवली. अर्थात लेखन हा लोकांसमोर येण्याचा सन्मान्य मार्ग ठरला. ल कॉर्बुझिए यांची ख्यातीही प्रथम ‘लेस्प्री नुव्हो’ या १९२० साली निघालेल्या नियतकालिकातील लेखांनीच पसरली. तथापि जाहिरात व लेखन यांतील भेद केवळ मोबदल्याचा नव्हे. जाहिरात पूर्ण झालेली वास्तू दाखविते. भूमी, हवामान व खर्च यांचा विचार करून कोणता पर्याय का स्वीकारला आणि कोणता सोडला, हे लेखनाने सांगावयास हवे. ते न सांगणारा लेख ही बिनखर्ची जाहिरातच होय.