सम्राटाला विचारलेला प्रश्न

ख्रिस्ती नीतिविचारातला ‘नैसर्गिक नियम’ म्हटला की आज बहुतेकांना चर्चचे निषेध आठवतात: संततिनियमन नको, गर्भपात नको. सोळाव्या शतकात मात्र, 1511 ते 1551 या चाळीस वर्षांत, याच विचाराने स्पेनवर राज्य करणाऱ्या सम्राटाला आणि खुद्द पोपला त्यांच्या अधिकाराची हद्द दाखवली. त्या काळाकडे पुन्हा बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 1511, नाताळाआधीचा रविवार. हिस्पानिओला बेटावरच्या सांतो दोमिंगोत अंतोनिओ दे मोंतेसिनोस हा डॉमिनिकन धर्मगुरू प्रवचनाला उभा राहिला. समोर स्पॅनिश वसाहतवाले बसले होते. बेटावरच्या मूळ ताइनो लोकांना खाणींत मरेपर्यंत राबवून घेणारे हेच. ही माणसं आहेत, त्यांनाही विवेक आहे आणि तुम्ही घोर पापात जगता आहात, असं त्याने त्यांना तोंडावर सुनावलं. गव्हर्नर दिएगो कोलंबससह सगळे खवळले. शब्द मागे घे म्हणाले. पुढच्या रविवारी त्याने तेच आणखी कडक भाषेत सांगितलं.

त्यावर स्पेनच्या दरबाराने 1512 मध्ये बुर्गोसचे कायदे केले. वेठ कायम राहिली, तिला फक्त नियम लागले. पाठोपाठ एक जाहीरनामाही आला. पोपने ही भूमी स्पेनला दिली आहे, शरण या, नाहीतर युद्ध, असा त्याचा मजकूर. तो स्पॅनिशमध्ये वाचायचा, ऐकणाऱ्यांना एक अक्षर कळत नसलं तरी. कायद्याचा इतका निर्लज्ज वापर इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

या जाहीरनाम्याचा पायाच उखडला तो सालामांका विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया 1526 मध्ये तिथल्या धर्मशास्त्राच्या मुख्य अध्यासनावर आला आणि थॉमस अक्वायनसचा ‘सुम्मा’ शिकवू लागला. तेराव्या शतकातल्या अक्वायनसची मांडणी अशी: ईश्वराच्या शाश्वत व्यवस्थेत माणूस आपल्या बुद्धीने सहभागी होतो, हाच नैसर्गिक नियम. भलं करावं, वाईट टाळावं. जीव जपावा, मुलं वाढवावीत, समाजात राहावं, सत्य शोधावं. हे कळायला बाप्तिस्मा लागत नाही. परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणात नियम लिहिलेला आहे, असं पौलाने रोमकरांस पत्रात म्हटलंच होतं. मग मालकी आणि राज्यसत्ता जर माणसाच्या स्वभावातूनच येत असतील, तर श्रद्धा नाही म्हणून ती कुणाकडून हिरावता येत नाहीत.

व्हितोरियाने अमेरिका कधी पाहिली नाही. पण परतलेली माणसं त्याच्याकडे पापनिवेदनाच्या शंका घेऊन येत होती. 1534 मध्ये, इंका राजा अताहुआल्पाला ठार मारल्याच्या दुसऱ्या वर्षी, पेरूच्या नुसत्या विषयाने आपलं रक्त गोठतं, असं त्याने एका पत्रात लिहिलं. 1539 च्या व्याख्यानात त्याने स्पेनचे दावे एकेक करून तपासले. सम्राट जगाचा धनी नाही. पोपही साऱ्या जगाचा ऐहिक धनी नाही. आम्ही शोध लावला हे कारणही टिकत नाही. अमेरिकेतल्या लोकांनी आपल्याला शोधलं असतं तर आपण त्यांचे झालो असतो का? त्यांच्याकडे नगरं आहेत, विवाह आहेत, न्यायाधीश आहेत, बाजार आहेत. म्हणजे विवेक आहे. त्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सने असल्या चर्चा थांबवा, असा हुकूम व्हितोरियाच्या मठाच्या प्रमुखाला धाडला. घाव वर्मी लागला होता.

तरी व्हितोरियाला देव्हाऱ्यात बसवू नये. प्रवास-व्यापाराचा हक्क आणि नरबळीपासून निरपराधांचं रक्षण, ही युद्धाची न्याय्य कारणं म्हणून त्याने मान्य केली. पुढच्या साम्राज्यांनी त्याच फटीतून गाड्या नेल्या.

1542 च्या नव्या कायद्यांनी मूळ रहिवाशांना गुलाम करायला बंदी घातली. पेरूतल्या वेठीच्या मालकांनी बंड केलं आणि पुढे व्हाइसरॉयला मारलं; त्याआधीच वेठीची वारसाहक्काने चालणारी पद्धत मोडणारं कलम 1545 मध्ये मागे घेतलं गेलं.

मग 1550 मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला या विजयांच्या न्याय्यतेवर वाद भरला. तो मिटेपर्यंत नव्या मोहिमा थांबवा, असा सम्राटाचा आदेश होता. विजेत्या राजाने आपला विजय न्याय्य होता का हे विद्वानांना विचारावं, ही गोष्ट लहान नाही. युद्धांची बाजू मांडणारा पंडित सेपुल्वेदा अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हणाला, काही माणसं स्वभावतःच दास असतात. त्याच्या विरोधात बार्तोलोमे दे लास कासासने पाच दिवस आपलं लॅटिन उत्तर वाचलं. नैसर्गिक नियमाचा दाखला दोघेही देत होते, आणि मला या प्रकरणातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं सत्य हेच वाटतं. फरक पाहण्यात होता. सेपुल्वेदा अमेरिकेत कधी गेला नव्हता; लास कासास तिथे आधी स्वतः वेठीचा मालक होता आणि नंतर चियापासचा बिशप. त्यालाही सगळं एकदम दिसलं नाही. सुरुवातीला त्याने आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. तो अन्यायही तितकाच मोठा होता, हे त्याने उशिरा ओळखलं आणि पश्चात्तापाने लिहून ठेवलं.

1551 च्या दुसऱ्या बैठकीनंतरही परीक्षकांनी एकमुखी निकाल दिला नाही. सेपुल्वेदाच्या ग्रंथाला छपाईची परवानगी मिळाली नाही. अमेरिकेतल्या अत्याचारांचा लास कासासचा वृत्तांत 1552 मध्ये सेव्हियात छापून निघाला. 1573 मध्ये राजा दुसऱ्या फिलिपने ‘विजय’ हा शब्द सरकारी कागदांतून काढून ‘शांतीकरण’ लिहायला सांगितलं. खाणी सुरूच होत्या.