डब्यावरचे युनिट आणि टाकीतला रस

नाशिकच्या वायनरींत पांढऱ्या द्राक्षांचा ताजा रस लवकर निवळत नाही, त्याला मोठ्या प्रमाणात पेक्टिन कारणीभूत असते. पेक्टिनेज हे विकर पेक्टिनच्या साखळ्या तोडते आणि गाळ तळाशी बसतो. विकरे बनवणाऱ्या अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीजचा कारखाना जिल्ह्यातच, सिन्नरला आहे. पण कोणतेही विकर घेताना केवळ डब्यावरच्या युनिटांवरून त्याची किंमत जोखणे चुकीचे ठरेल. युनिट सांगते तो सुरुवातीचा वेग, तोही ठरवून दिलेल्या तापमानाला आणि आम्लतेला. अनेक पेक्टिनेजे ४५-५० अंशांना जोमात असतात. पांढरा रस मात्र १०-१५ अंशांना, ३ ते ३.५ सामूला निवळत ठेवतात. शर्यतीत पहिला आलेला बैल दिवसभर नांगराला टिकेलच असे नाही.

सुरुवातीचाच वेग मोजण्याची पद्धत रूढ झाली ती लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांच्या १९१३च्या शोधनिबंधामुळे. साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेजवर बर्लिनमध्ये काम करताना त्यांनी आम्लता काटेकोर राखली आणि तयार झालेला माल विकराला अडवू लागण्याआधीच मोजणी उरकली. युक्ती अप्रतिम होती. मात्र दहा वर्षे आधी, १९०३मध्ये, पॅरिसच्या व्हिक्टर आँरी यांनी हीच क्रिया अथपासून इतिपर्यंत तपासली होती आणि तो अडथळा थेट समीकरणातच धरला होता. त्यांची निरीक्षणे आम्लतेच्या चढउताराने बिघडली. पण सोरेन्सेन यांची सामू मोजपट्टी आली तीच मुळी १९०९मध्ये! पाठ्यपुस्तकांत आँरी क्वचितच भेटतात. कारखान्यासमोरचा प्रश्न मात्र त्यांचाच आहे: शेवटपर्यंत काम किती झाले?

प्रमाणित युनिट नसेल तर व्यापार कसा चालणार, हा आक्षेप रास्त आहे. एकाच उत्पादकाच्या दोन बॅच ताडून पाहायला युनिट हवेच. पण दोन उत्पादकांच्या चाचणीपद्धती वेगळ्या असतील, तर त्यांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही. लहान वायनरीकडे प्रयोगशाळा कुठून येणार, असेही कोणी म्हणेल. त्यासाठी एक परीक्षानळी पुरते. रसात दुप्पट आम्लयुक्त अल्कोहोल घालून काही मिनिटे थांबायचे. जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या तर पेक्टिन शिल्लक आहे. रस निवळवायला घालतात ती बेंटोनाइट माती विकरालाच शोषून घेते, म्हणून ती या चाचणीनंतरच टाकावी. एकाच रसाचे दोन भाग करून, टाकीच्याच तापमानाला, दोन विकरांनी गुठळ्या नाहीशा व्हायला किती मात्रा आणि किती तास घेतले हे लिहून ठेवले, की हजार लिटर निवळ रसामागे कोणते स्वस्त पडते ते कळते.